चुलीपाशी काढलेली मूठ

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरात भात टाकायची वेळ झाली की बाई आधी माणसं मोजते, त्या हिशेबाने तांदूळ मापून काढते आणि धुण्यापूर्वी त्यातली एक मूठ उचलून शेजारच्या वेगळ्या डब्यात टाकते. मग उरलेला तांदूळ आधणात वैरते. मिझो माणूस दिवसातून दोन वेळा पोटभर जेवतो, सकाळी आणि संध्याकाळी, आणि दोन्ही वेळा पानात भातच असतो. म्हणून ही मूठही दिवसातून दोनदा निघते. तिला ‘बुहफाई थाम’ म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. डब्यातला तांदूळ मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पर्यायाने देवाचा. घरात पाहुणे आले, महिनाअखेर झाली, तांदूळ महागला, तरी त्याला कुणी हात लावत नाही.

ही रीत १९१० सालची आहे. ती जिथे रुजली त्या डोंगरांत ख्रिस्ती धर्म येऊन तेव्हा जेमतेम दीड दशक झालं होतं. इतक्या नव्या धर्मात इतकी घट्ट सवय कशी बसली, हे समजायचं तर मिझो माणसाची परलोकाची जुनी कल्पना पाहावी लागते, कारण त्या परलोकातही तांदूळच होता.

जुन्या मिझो समजुतीप्रमाणे मेलेल्यांची दोन ठिकाणं असत. सामान्य माणूस मेला की तो ‘मिथी खुआ’ या मृतांच्या गावी जाई. तिथलं जगणं इथल्यासारखंच, किंबहुना जरा जास्तच कष्टाचं. त्याच्या पलीकडे नदीपार ‘पिआलराल’ होतं. तिथे शेत नाही, कापणी नाही, उखळ-मुसळ नाही. सडलेला स्वच्छ तांदूळ आयता समोर येतो. रोज पहाटे उठून धान कांडणाऱ्या लोकांनी आपल्या स्वर्गात नेमकं हेच सुख मागावं, यातच त्यांच्या आयुष्याचं सगळं ओझं दिसतं. पण त्या स्वर्गाचं दार फार थोड्यांना उघडे. वाटेवर पॉला नावाचा पुराणपुरुष गलोलीचं धनुष्य घेऊन बसलेला असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जीवांना गोळे मारत असे. त्याच्या माऱ्यातून सुटून पिआलराल गाठायचं तर जिवंतपणी ‘थांगछुआ’ हा मान मिळवावा लागे. त्याला दोन मार्ग होते. एक म्हणजे ठरावीक जंगली जनावरांची शिकार पूर्ण करणं. दुसरा म्हणजे वर्षानुवर्षं एकामागून एक गावजेवणं घालणं. त्यांत मिथुन ही गव्यासारखी जनावरं आणि डुकरं कापायची आणि तांदळाची दारू, ‘झू’, घडेच्या घडे वाटायची. हा मान मिळाला की माणसाला खास नक्षीचं वस्त्र पांघरता येई आणि घराच्या भिंतीला खिडकीही ठेवता येई. अर्थात हे जमायचं ते सरदाराला, धनवंताला किंवा असामान्य शिकाऱ्याला.

आणि बाईला? तिला तो मान नवऱ्याच्या मानातूनच मिळे. धान ती पेरणार, ती कापणार, ती कांडणार, गावजेवणाचा भात ती रांधणार आणि झूही तीच घालणार. पण पिआलरालची वाट तिच्या स्वतःच्या नावावर नसे. मिझोराममधल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगताना मिशनऱ्यांच्या आगमनाच्या तारखा पहिल्या पानावर येतात. या धर्मामुळे बाईचा तिच्या मरणानंतरच्या आयुष्यावर पहिल्यांदाच स्वतःचा हक्क निर्माण झाला, ही गोष्ट मात्र तळटिपेत जाते. खरं तर सगळी कहाणी तिच्यापासूनच सुरू व्हायला हवी.

तारखा तरीही सांगायला हव्यात. १८८९-९० च्या लष्करी मोहिमेनंतर लुशाई टेकड्या, म्हणजे आजचं मिझोराम, इंग्रजांच्या ताब्यात आल्या. ११ जानेवारी १८९४ रोजी जेम्स हर्बर्ट लॉरेन आणि फ्रेडरिक विल्यम सॅव्हिज हे दोन तरुण तिथे पोहोचले. मिझोराममध्ये हा दिवस आजही मिशनरी दिन म्हणून पाळला जातो. दोघांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली, शाळा चालवली, शुभवर्तमानाची भाषांतरं केली. त्यांना पाठवणारा माणूसही या लेखाच्या विषयाशी जवळचाच होता. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला रॉबर्ट आर्थिंग्टन हा श्रीमंत घरातला वारस स्वतःच्या मोठ्या घरातल्या एकाच खोलीत अत्यंत काटकसरीने राहत असे. शेजारीपाजारी त्याला कंजूष म्हणत. १९०० साली तो वारला तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे १० लाख पौंडांची निघाली आणि तिचा बहुतेक भाग त्याने मिशनकार्याला ठेवला होता.

आर्थिंग्टनच्या मिशनने १८९७ च्या अखेरीस हे क्षेत्र सोडलं. उत्तरेकडचं काम वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्यांचे डी. ई. जोन्स त्याच वर्षी ऐझॉलला आले होते. १९०३ साली लॉरेन आणि सॅव्हिज बॅप्टिस्ट मिशनतर्फे परतले आणि दक्षिणेत लुंगलेई भागात राहिले. पहिला बाप्तिस्मा १८९९ च्या जूनमध्ये झाला, खुमा आणि खारा या दोघांचा. १९०१ च्या जनगणनेत संपूर्ण टेकड्यांत ख्रिस्ती भरले ते फक्त ४५.

या ४५ जणांना रोज काय सोडावं लागत होतं, त्याचा विचार करावा. घरात कुणी आजारी पडलं की ‘बॉलपू’ला, म्हणजे पुजाऱ्याला बोलवायचं, त्याने सांगितलेला कोंबडा किंवा डुक्कर भुतांना चढवायचं, ही गावाची रीत होती. ख्रिस्ती माणसाने ती सोडली. मुलगा तापाने फणफणत असताना शेजारपाजारचे बळी द्यायला सांगताहेत आणि बाप नुसता प्रार्थना करत बसला आहे, या प्रसंगात किती भय दडलेलं असेल! शिवाय त्याने झू सोडली. झू सोडणं म्हणजे सण, लग्न, शिकारीचा आनंद, सरदाराच्या घरची बैठक या सगळ्यांतून उठून जाणं. त्याने रविवारी शेतावर जाणंही सोडलं. डोंगर-उतारावरचं जंगल तोडून, जाळून, पाऊस येण्याआधी पेरणी उरकायची अशी ती झूम शेती. आपल्याकडे कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात अशाच शेतीला कुमरी म्हणत. अशा शेतीत हंगामाचा एक-एक दिवस मोलाचा असतो आणि ऐन हंगामात सातातला एक दिवस हात बांधून बसणं ही साधी गोष्ट नव्हती. सरदारांशी खटके उडाले ते बऱ्याचदा याच रविवारावरून. काही ख्रिस्ती कुटुंबांना गाव सोडावं लागलं.

मग १९०६ साल उजाडलं. वेल्समध्ये १९०४ साली धर्मजागृतीची एक लाट उठली होती. मिशनऱ्यांच्या पत्रांतून आणि वर्तमानपत्रांतून ती खासी टेकड्यांत पोहोचली. तिथल्या एका मोठ्या सभेला मिझो प्रतिनिधी दऱ्याडोंगर तुडवत पायी गेले आणि परतताना तो आवेश घेऊन आले. हीच लाट महाराष्ट्रातही आली होती. पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे जागरण झालं, त्यामागेही वेल्सच्या बातम्यांची प्रेरणा होती. दुष्काळातून आणि बालवैधव्यातून वाचलेल्या शेकडो मुली तिथे तासन्‌तास प्रार्थनेत रमत. केडगाव आणि ऐझॉल यांच्यात भाषेचा, वंशाचा, हवामानाचा काहीच संबंध नाही. तरी एका वर्षाच्या अंतराने दोन्हीकडे हीच गोष्ट घडली.

१९११ च्या जनगणनेत लुशाई टेकड्यांतले ख्रिस्ती अडीच हजारांच्या घरात गेले होते. आता गावोगाव फिरून शिकवणारी माणसं हवी होती. वेल्समधून येणारा पैसा तुटपुंजा आणि टेकड्यांमध्ये रोकड जवळपास नव्हतीच. मिझो माणसाची संपत्ती म्हणजे धान, जनावरं, घंटा-थाळ्या आणि बंदूक. पुरुषाच्या नावावर एवढं तरी असे. बाईच्या हातात पैसा नव्हता, जमीन नव्हती, जनावर नव्हतं. एका गोष्टीवर मात्र तिचा निर्विवाद ताबा होता, ती म्हणजे चुलीवर चढणारा भात. आज किती शिजवायचं आणि कुणाच्या पानात किती पडायचं हे तीच ठरवे. १९१० साली उत्तरेकडच्या मंडळीत बायकांनी मुठीची रीत सुरू केली तेव्हा त्यांनी हाती असलेली एकमेव वस्तू पुढे केली. रोज जेवणाआधी एक मूठ. आठवड्याला साठेल तो तांदूळ गोळा करायचा, विकायचा आणि पैसा मंडळीच्या कामाला द्यायचा. डोंगरातून सरपणाच्या मोळ्या आणतानाही काही ठिकाणी एखादं लाकूड मंडळीसाठी बाजूला पडू लागलं.

धान देणं मिझोंना नवं नव्हतं. दर हंगामात प्रत्येक घर सरदाराला ‘फाथांग’ म्हणून धान्याचा वाटा देई, लोहारालाही त्याचा हिस्सा जाई. पण तो वाटा खळ्यावरच्या राशीतून निघे, वर्षातून एकदा, आणि तो न दिला तर सरदाराचा कोप ओढवे. ही मूठ घरात कांडून सडलेल्या तांदळातून निघे, म्हणजे बाईचे कष्ट तिच्यावर झालेले असत. ती रोज निघे. आणि ती काढली की नाही हे पाहायला चुलीपाशी कुणीही नसे. गावजेवण घालून पिआलराल मिळवणाऱ्या धनवंताचं दान साऱ्या गावाने पाहायचं असे. या दानाला साक्षीदार नव्हता. मिझो बायकांनी नव्या धर्माचा जो अर्थ लावला, तो पोथीतल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा या एका कृतीत जास्त स्पष्ट दिसतो.

बायबलमध्ये त्यांना आपल्यासारख्याच बायका भेटल्या होत्या. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा होती. श्रीमंतांच्या देणग्यांपेक्षा तिचं दान येशूने मोठं ठरवलं. आणि सारफथची ती दुसरी विधवा होती. दुष्काळात तिच्या मडक्यात मूठभर पीठ उरलं होतं. ते आपण आणि आपला मुलगा खाऊ आणि मग मरू, असं ती एलिया संदेष्ट्याला सांगते. तो म्हणतो, आधी माझ्यासाठी भाकर कर. ती करते आणि मग त्या मडक्यातलं पीठ संपत नाही. लुशाई टेकड्यांतल्या बाईला ही गोष्ट दूरदेशीची वाटण्याचं कारण नव्हतं.

दुष्काळ तर लगेचच येऊन ठाकला. मिझोरामच्या डोंगरांवर ‘मौताक’ नावाच्या बांबूची बेटं पसरलेली आहेत. हा बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदाच, सगळीकडे एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. त्याच्या फळांवर उंदीर पोसले जातात, त्यांची संख्या बेसुमार वाढते आणि फळं संपली की ते शेतांत आणि कणग्यांत घुसतात. एका रात्रीत उभं पीक फस्त होतं. या आपत्तीला ‘मौताम’ म्हणतात. १९११-१२ चा मौताम मुठीची रीत सुरू झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच आला. लोक रानातली कंदमुळं खणून आणि माडासारख्या रानझाडांचा गाभा कुटून खात होते. सरकारने खालच्या सपाटीवरून तांदूळ आणवला, पण तो डोंगरमाथ्यावरच्या गावांत पोहोचवायला माणसांच्या पाठीशिवाय साधन नव्हतं. अशा वर्षांत एका मुठीचं वजन किती होतं हे शब्दांत सांगता येणार नाही. रीत त्या दुष्काळातून तगली एवढं मात्र इतिहास सांगतो. १९२१ साली ख्रिस्ती लोकसंख्या सत्तावीस हजारांवर गेली होती आणि पुढे दक्षिणेकडच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांतही बायका मूठ काढत राहिल्या.

भारतात असा विचार इतरांनाही सुचला होता. केरळमध्ये सिरियन ख्रिस्ती घरांत ‘पिडियरी’ नावाने मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची रीत आहे. एकोणिसाव्या शतकात कुरियाकोस एलियास चावरा या धर्मगुरूंनी तिचा उपयोग गरीब, उपेक्षित जातींतल्या मुलांना शाळेत जेवण देण्यासाठी केला. २०१४ साली कॅथलिक चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बायकांनी मूठ-मूठ धान्य दिलं, आणि गोव्यात पणजीच्या ‘मुष्टिफंड’ या शिक्षणसंस्थेने तर ही मूठ आपल्या नावातच ठेवली आहे. आपल्याकडे मुठीतून शाळा उभ्या राहिल्या. मिझोंकडे तिच्यातून एक अख्खी मंडळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली.

या पायांची कसोटी १९६० च्या दशकात लागली. १९५९ च्या मौतामने टेकड्या पुन्हा उपाशी पडल्या. त्या वेळी मदतकार्यासाठी निघालेल्या संघटनेतूनच पुढे मिझो नॅशनल फ्रंट जन्मली. १९६६ च्या मार्चमध्ये तिचं बंड पेटलं आणि ऐझॉलवर विमानांतून मारा झाला. त्यानंतर लष्कराने पाचशेहून अधिक गावं उठवून लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत आणून ठेवलं. शेतं तुटली, कणग्या गेल्या, तांदूळ शिधापत्रिकेवर आणि लष्कराच्या नजरेखाली आला. त्याच दशकाच्या अखेरीस परदेशी मिशनऱ्यांनाही मिझोराम सोडावं लागलं. पाऊणशे वर्षांची ती साथ संपली तेव्हा मंडळी कोलमडली नाही. पाळक, शाळा, दवाखाने, प्रचारक यांचा खर्च स्थानिक दानातून चालवण्याची सवय तिला दोन पिढ्यांपासून होती. या सवयीच्या मुळाशी दशमांश देणारे पुरुष होते तशाच मूठ काढणाऱ्या बायकाही होत्या.

आज व्यवस्था अगदी रेखीव आहे. स्थानिक मंडळीतल्या बायकांची संघटना, ‘कोहरान हमेइछिआ’, आपल्या विभागातल्या घरांतून ठरल्या दिवशी तांदूळ गोळा करते. प्रत्येक घराचा तांदूळ मोजला जातो, नोंद होते. मग तो विकला जातो आणि बहुतेकदा त्याच मंडळीतली माणसं तो विकत घेतात. रक्कम वर सिनॉडकडे, म्हणजे मंडळीच्या मध्यवर्ती सभेकडे जाते आणि तिचा मोठा वाटा मिशनकार्याला लागतो. मिझो प्रेस्बिटेरियन मंडळीचे शेकडो मिशनरी आज भारताच्या अनेक राज्यांत आणि बाहेरही आहेत. मिझो पाळक वेल्समध्येही जाऊन काम करून आले आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ लाखांच्या आत आहे आणि त्यात ख्रिस्ती ८७ टक्के. एवढ्याशा राज्यातून एवढा पसारा चालतो.

मुठीचं स्वरूप बदललं आहे, हे खरं. उखळ-मुसळ आता क्वचित दिसतं. गॅसवर कुकर चढतो. मिझोरामला लागणाऱ्या तांदळातला बराचसा बाहेरून येतो, म्हणजे ज्या तांदळातून मूठ निघते तो अनेक घरांत रेशनचा किंवा बाजारातला असतो. नोकरी करणाऱ्या काही बायका महिन्याचा हिशेब करून एकदम तांदूळ किंवा पैसे देतात. त्यात काही गैर नाही. पण महिन्याला एकदा दिलेला पैसा आणि दिवसातून दोनदा तांदळात घातलेला हात या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिल्यात देणं आहे. दुसऱ्यात रोज दोनदा थांबणं आहे. आपल्या पोटाच्या आधी दुसऱ्या कुणाचा तरी विचार करण्याची ती सवय आहे. मिझो समाजात ‘त्लॉमङैहना’ म्हणून एक जुनं मूल्य सांगतात: स्वतः झिजून दुसऱ्याच्या उपयोगी पडणं आणि त्याचा गवगवा न करणं. पूर्वी ते शिकार आणि युद्ध करणाऱ्या तरुणांच्या संदर्भात जास्त बोललं जाई. मुठीच्या रीतीने ते स्वयंपाकघरात आणलं.

यात एक गोष्ट खटकते आणि ती बोलून दाखवायला हवी. शंभराहून अधिक वर्षं ज्यांच्या हातांनी ही तिजोरी भरली, त्या बायकांना मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळक किंवा मंडळीचे वडील (एल्डर) म्हणून दीक्षा मिळालेली नाही. धर्मशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या मिझो स्त्रिया आज कमी नाहीत. त्या शिकवतात, लिहितात, मिशनरी म्हणून दूर जातात. पैसा कुठे पाठवायचा आणि कुणाला नेमायचं याचा अंतिम निर्णय मात्र दीक्षित पुरुषांच्या सभेत होतो. मिझो स्त्री-अभ्यासकांनी हा प्रश्न सभांत आणि नियतकालिकांत अनेकदा मांडला आहे, आणि त्या मांडणीत बुहफाई थामचा दाखला हटकून येतो: मंडळीचं काम चालवण्याइतकं आमचं दान मोठं आहे, तर तिच्या सभेत बसण्याइतकं का नाही, असं त्या विचारतात.